फोटोत तीन फिती, पेन्शनच्या कागदावर ‘नाईक’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. वडील १९६४ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, १९८१ साली पेन्शन घेऊन घरी आले आणि २०११ साली वारले. गाव त्यांना शेवटपर्यंत ‘हवालदार’ म्हणूनच ओळखायचं. घरातल्या फोटोत त्यांच्या बाहीवर तीन फिती, म्हणजे हवालदाराची खूण, दिसतात. कंपनी कमांडरनं १९७२ साली आजोबांना पाठवलेल्या पत्रातही ‘हवालदार’ असाच उल्लेख आहे. पण पेन्शनच्या आदेशावर, म्हणजे पीपीओवर, ‘नाईक’ हा एक पायरी खालचा हुद्दा आहे आणि ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीतही तेच उतरलं आहे. डिस्चार्ज बुकात एका पानावर हवालदार, तर दुसऱ्यावर नाईक. आई आता ७८ वर्षांच्या आहेत आणि कुटुंब निवृत्तिवेतन घेतात. ग्रामपंचायत गावातल्या माजी सैनिकांच्या नावांची शिळा बसवते आहे, त्यावर काय कोरायचं हा प्रश्न आहे. एक एजंट २० हजार रुपये मागतो आणि १९८१ पासूनचा फरक मिळवून देतो म्हणतो. धाकटा भाऊ म्हणतो, उकरून काढू नका, आईचं पेन्शन बंद पडेल. प्रतिज्ञापत्र करून हुद्दा दुरुस्त होईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

तुमच्या पत्रात ‘ऑफिसनं केलेली चूक’ हे शब्द तीन वेळा आले आहेत. चूक झालेली असू शकते, आणि तसं असेल तर ती दुरुस्त होते. पण त्याआधी थोडं थांबून बघू. तुम्ही ‘वडील हवालदार होते की नाईक?’ असं विचारता. सैन्याच्या कागदांत हुद्दा नेहमी तारखेला बांधलेला असतो. म्हणून प्रश्न असा घालायला हवा: कोणत्या तारखेला ते कोणत्या हुद्द्यावर होते, आणि तो हुद्दा कोणत्या प्रकारचा होता? असा प्रश्न घातला की तुमच्याकडचे परस्परविरोधी दिसणारे कागद सगळेच खरे असण्याचीही शक्यता उघडते.

पलटणीत हुद्दा पक्का असतो तसाच कार्यकारीही असतो. जवान त्याला ‘अ‍ॅक्टिंग’ म्हणतात. कंपनीत हवालदाराची जागा रिकामी झाली, कोणी जखमी झाला, कोणी लांबच्या कोर्सला गेला, की खालच्या नाईकाला त्या जागेवर चढवत. तो तीन फिती लावायचा, हवालदाराचं काम करायचा आणि सगळे त्याला हवालदार म्हणायचे. अ‍ॅक्टिंग हुद्दा कधी पगारासह असे, कधी पगाराविना. मूळ माणूस परत आला, किंवा याचीच दुसऱ्या युनिटला बदली झाली, की तो हुद्दा सुटत असे. त्यात शिक्षा नव्हती, अपमानही नव्हता.

तुमच्या वडिलांच्या तारखा बघा. भरती १९६४, पत्र १९७२. शिपायापासून ८ वर्षांत पक्का हवालदार होणं अशक्य नाही, पण ते लवकरच म्हणायला हवं. मध्ये १९७१ चं युद्ध आहे, आणि युद्धाच्या आगेमागे अ‍ॅक्टिंग बढत्या जास्त होतात. त्यामुळे १९७२ साली ते अ‍ॅक्टिंग हवालदार असावेत, ही शक्यता मी बाजूला ठेवणार नाही. ते पुढे पक्के झाले का, आणि १९८१ साली बाहेर पडताना कोणत्या हुद्द्यावर होते, हे ना फोटो सांगू शकतो ना ते पत्र. पदकांवरही विसंबू नका. पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, पण तो हुद्दा त्या पदकास पात्र ठरले त्या वेळचा असतो. पदकावर शिपाई आणि डिस्चार्ज बुकात हवालदार, हे अगदी नेहमीचं आहे.

आता कागदांची साखळी समजून घ्या. ती कुठे तुटली यावर अर्ज कोणाकडे करायचा ते ठरतं.

बढती झाली की युनिट ‘पार्ट टू ऑर्डर’ काढतं. बढती, हुद्दा सुटणं, लग्न, मुलांचे जन्म, शिक्षा, बदली, सगळ्याची नोंद याच आदेशांतून होते. हा आदेश रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला रेजिमेंटल सेंटरजवळ आहे. तिथे त्या आदेशावरून ‘शीट रोल’मध्ये नोंद चढते. शीट रोल म्हणजे जवानाच्या नोकरीचा मूळ दस्तऐवज. त्याच आदेशाच्या आधारे वेतन लेखा कार्यालय जवानाच्या वैयक्तिक पगारखात्यात, म्हणजे आयआरएलएमध्ये, पगार बदलतं. निवृत्तीच्या वेळी शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं आणि पेन्शनसाठी माहितीपत्रक तयार होतं. ते माहितीपत्रक प्रयागराजच्या पीसीडीए (संरक्षण लेखा) पेन्शन कार्यालयात जातं, तिथून पीपीओ निघतो, आणि अलीकडच्या वर्षांत तीच माहिती ‘स्पर्श’मध्ये उतरली आहे.

म्हणजे चूक तीन ठिकाणी असू शकते. पहिली अगदी शेवटच्या टोकाला: जुन्या पीपीओवर हवालदार आहे, पण बँकेकडून ‘स्पर्श’कडे माहिती जाताना नाईक झालं. ही सगळ्यांत सोपी. जुन्या पीपीओची आणि मध्ये निघालेल्या प्रत्येक दुरुस्ती-पीपीओची प्रत जोडून ‘स्पर्श’वरच तक्रार टाकली की काम पुढे सरकतं. दुसरी मधल्या टप्प्यात: शीट रोलमध्ये शेवटचा हुद्दा हवालदार आहे, पण माहितीपत्रकात नाईक लिहिलं गेलं. इथे रेकॉर्ड ऑफिसनं सुधारित माहितीपत्रक पाठवायचं असतं आणि पीसीडीए दुरुस्ती-पीपीओ काढतं. नुसतं पीसीडीएला किंवा बँकेला लिहून उपयोग होत नाही. रेकॉर्ड ऑफिसनं कळवल्याशिवाय ते हुद्द्याला हात लावत नाहीत, आणि अनेक कुटुंबांची वर्षं याच चुकीच्या दारात जातात. तिसरी मुळाशी: बढतीचा आदेश निघाला, पण शीट रोलवर चढलाच नाही. हे सिद्ध करायला सर्वांत अवघड, आणि इथेच पगारखातं कामाला येतं. हवालदाराचा पगार ज्या तारखेपासून सुरू झाला ती तारीख तिथे दिसते, पुढे तो कमी झाला असेल तर तेही दिसतं.

तुमच्या बाबतीत मूळ १९८१ च्या पीपीओवरच नाईक आहे, म्हणजे पहिला प्रकार गेला. दुसरा, तिसरा, किंवा ‘चूक नाहीच’ हा चौथा, असे तीन उरले.

आणखी एक गोष्ट पीपीओवर नीट वाचा. ‘शेवटी धारण केलेला हुद्दा’ आणि ‘ज्या हुद्द्याचं पेन्शन मंजूर झालं तो हुद्दा’ हे वेगळे असू शकतात. जुन्या नियमांत शेवटच्या १० महिन्यांत सलग जो हुद्दा असेल त्याचंच पेन्शन मिळे. निवृत्तीच्या ६ महिने आधी हवालदार झालेला माणूस हवालदार म्हणून घरी येई, पण पेन्शन नाईकाचं घेई. डिस्चार्ज बुकातल्या दोन पानांवर दोन हुद्दे असण्याचं हेही कारण असू शकतं. ती दोन्ही पानं पुन्हा उघडा. कोणतं पान भरतीच्या किंवा मधल्या नोंदीचं आहे, कोणतं निवृत्तीच्या वेळचं, नोंदीखाली सही-शिक्का आणि तारीख आहे का, शाई एकच आहे का, हे बघा. पेन्सिलीनं लिहिलेल्या आणि सही नसलेल्या नोंदीला रेकॉर्ड ऑफिस किंमत देत नाही.

आता करायचं काय ते सांगते. आधी दुरुस्तीचा अर्ज करू नका. आधी कागद मागवा.

माहिती अधिकाराखालचा अर्ज आईच्या नावानं, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा. तुमच्या नावानं केलात तर ‘त्रयस्थ व्यक्तीची माहिती’ म्हणून नकार येऊ शकतो. आई पेन्शनधारक आहेत, त्यांना ती अडचण सहसा येत नाही. त्या सही करत नसतील तर अंगठा चालेल, फक्त तो साक्षांकित करून घ्या. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डरनं. प्रतींसाठी पानामागे २ रुपये नंतर कळवतील. सोबत वडिलांचा मृत्यू दाखला, पीपीओची प्रत आणि आईचं ओळखपत्र जोडा. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा. वडिलांचा सेना क्रमांक शेवटच्या अक्षरासह लिहा. ते अक्षर राहिलं की फाइल सापडायला वेळ लागतो. त्याखाली नाव कागदावर आहे तसंच, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, शेवटची बटालियन, पीपीओ क्रमांक.

अर्जात ‘माझ्या पतींना नाईक का केलं?’ असं विचारू नका. ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. प्रती मागा: शीट रोलची संपूर्ण प्रमाणित प्रत, बढती, हुद्दा सुटणं किंवा हुद्दा कमी होणं याबाबतच्या सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, लाँग रोलमधल्या (रेकॉर्ड ऑफिसच्या जवानांच्या नोंदवहीतल्या) त्यांच्या नोंदीची प्रत, पेन्शनसाठी पाठवलेल्या माहितीपत्रकाची प्रत, आणि आयआरएलएच्या शेवटच्या वर्षांच्या हिशेबाची प्रत. हिशेब त्यांच्याकडे नसेल तर अर्जाचा तेवढा भाग संबंधित वेतन लेखा कार्यालयाकडे वर्ग करावा, अशी एक ओळ घाला. कायदा तशी तरतूद देतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या अपील अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. त्याला फी नाही.

‘कागद नष्ट केले आहेत’ असं उत्तर आलं तर तिथेच हात टेकू नका. पेन्शन न घेता बाहेर पडलेल्यांचे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट होतात, पण तुमच्याकडे पेन्शन चालू आहे, तेव्हा फाइल असायला हवी. आणि शीट रोल गेला तरी लाँग रोल जपून ठेवलेला असतो. म्हणूनच अर्जात तो वेगळा मागायचा.

शीट रोल हातात आला की शेवटून वाचायला सुरुवात करा. निवृत्तीच्या तारखेला कोणता हुद्दा आहे, तो कधी मिळाला, मध्ये कधी गेला का. प्रत्येक नोंदीपुढे पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि वर्ष असतं. एखादी बढती तुम्हाला दुसऱ्या कागदावर दिसते, पण तिचा क्रमांक शीट रोलवर नाही, तर दुरुस्तीचा खरा धागा सापडला. मग दुरुस्तीचा अर्ज चीफ रेकॉर्ड ऑफिसरच्या नावानं करा. त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहा: कोणत्या कागदाच्या कोणत्या रकान्यात चूक आहे, तिथे आज काय आहे, काय हवं आणि कोणत्या आदेशावरून. भावनेचं एकही वाक्य लागत नाही. एक आदेश क्रमांक मात्र लागतोच. सोबत छायाप्रती द्या. मूळ डिस्चार्ज बुक कुणी कितीही मागितलं तरी टपालानं पाठवू नका. ते हरवलं तर दुसरं मिळवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. अर्ज स्पीड पोस्टनं पाठवा, पावती आणि पोहोच जपा. त्याची एक प्रत साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून, म्हणजे आपल्या सोल्जर बोर्डातून, शिफारसपत्रासह जाऊ द्या. तिथले कल्याण संघटक अर्ज लिहायलाही मदत करतात आणि त्याचे पैसे लागत नाहीत.

प्रतिज्ञापत्राचं विचारलंत. नावाचं स्पेलिंग, आईची जन्मतारीख, दोन नावं एकाच व्यक्तीची असणं यासाठी प्रतिज्ञापत्र चालतं, काही वेळा राजपत्रातली जाहिरातही लागते. हुद्द्याला मात्र त्याचा उपयोग नाही. हुद्दा कमांडिंग ऑफिसरच्या आदेशानं मिळतो, मुलानं तहसीलदारासमोर शपथ घेतल्यानं नाही. गावातल्या पाच जणांच्या सह्यांचीही तीच गोष्ट. त्यासाठीचे स्टॅम्प पेपरचे पैसे वाचवा.

एजंटबद्दल स्पष्टच सांगते: त्याला एक रुपयाही देऊ नका. वर सांगितलेल्या एकाही टप्प्यावर एजंटचं काम नाही. शिवाय त्याचं आश्वासनच पोकळ आहे. उशिरा मागितलेल्या पेन्शनच्या फरकाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली तरसेम सिंग प्रकरणात घालून दिलेली रीत अशी की हक्क मान्य झाला तरी थकबाकी साधारणपणे दावा केल्याच्या आधीच्या ३ वर्षांपुरती मिळते. १९८१ पासूनचे लाखो रुपये हे आमिष आहे. त्या माणसाकडे आईचा ‘स्पर्श’चा पासवर्ड किंवा ओटीपी गेला असेल तर आजच बदला.

याच निकालात आणखी एक फरक केलेला आहे, तो तुमच्या कामाचा आहे. पेन्शन दर महिन्याला कमी मिळत राहणं हे चालू राहणारं नुकसान मानलं जातं, त्यामुळे उशीर झाला तरी दार पूर्ण बंद होत नाही. पण बढती किंवा सेवाज्येष्ठता अशी मागणी असेल, जी मान्य केली तर इतरांच्या जागांवर परिणाम होतो, तिथे उशीर मागणीलाच मारक ठरतो. म्हणून स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: तुमचं म्हणणं ‘वडिलांना हवालदारी मिळाली होती, पण कागदावर उतरली नाही’ असं आहे, की ‘ते इतके लायक होते की त्यांना मिळायला हवी होती’ असं? पहिली कागदाची दुरुस्ती आहे. दुसरी बढतीची मागणी आहे, आणि ४० वर्षांनंतर ती कुणीही मान्य करणार नाही. पत्रात तुम्ही दोन्ही एकत्र लिहिलं आहे. अर्जात ते एकत्र येऊ देऊ नका.

रेकॉर्ड ऑफिसनं लेखी नकार दिला आणि तुमच्याकडे आदेशाचा पुरावा असेल, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. रेकॉर्ड ऑफिस कर्नाटकात असलं तरी निवृत्तांना आणि त्यांच्या वारसांना राहत्या ठिकाणच्या खंडपीठात जाता येतं. अंतिम नकारापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो. तुमच्या निवेदनावर ६ महिने काहीच निर्णय झाला नाही, तर त्यापुढचे ६ महिने. आधी निवेदन न देता थेट तिथे जाता येत नाही, म्हणून पोहोचपावत्या जपायच्या. पण आदेशाचा क्रमांक हातात नसताना वकील करू नका.

धाकट्या भावाच्या भीतीचे दोन भाग आहेत. पेन्शन बंद पडण्याची भीती निराधार आहे. हुद्द्याबद्दल माहिती मागितली म्हणून पेन्शन थांबवण्याचा नियम नाही. पेन्शन थांबतं ते वार्षिक हयातीचा दाखला चुकल्यावर, तेवढं सांभाळा. दुसरी भीती त्यांनी उघड लिहिलेली नसावी, पण ‘उकरून काढू नका’ या शब्दांत ती ऐकू येते: कागदात काही नको ते निघालं तर? निघू शकतं. हवालदाराचा नाईक होणं कधी कधी शिक्षेनं होतं. रजेवरून उशिरा परतणं, सामानाचा हिशेब चुकणं, वरिष्ठाशी बोलाचाली, यावरही फीत गेल्याची उदाहरणं फौजेत आहेत. काही जण घरच्या अडचणीमुळे लवकर बाहेर पडले, कुणी वैद्यकीय श्रेणी घसरल्यानं बढतीसाठीच्या कॅडर कोर्सला बसू शकले नाहीत. तुमच्या वडिलांबाबत यातलं काहीही झालं असेल असं मी म्हणत नाही. पण शीट रोलची पूर्ण प्रत मागितली की ती पूर्ण येते. पाकीट उघडण्याआधी तुम्ही दोघा भावांनी ठरवा की आत काय आहे ते आधी कोण वाचणार आणि आईला काय, कसं सांगणार. वडिलांनी १७ वर्षं नोकरी करून सन्मानानं पेन्शन घेतलं, हे त्या पाकिटातला कुठलाही कागद बदलू शकत नाही.

पैशाच्या बाजूनं तुमचं लक्ष थोडं वेगळीकडे वळवायचं आहे. नाईक आणि हवालदार यांच्या कुटुंब निवृत्तिवेतनातला फरक हुद्दा, पगाराचा गट आणि नोकरीची वर्षं यांवर ठरतो. ‘वन रँक वन पेन्शन’चे १ जुलै २०१४, १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेले तक्ते सोल्जर बोर्डात दाखवतात. आईची मूळ रक्कम किमान ९००० रुपयांच्या जवळ असेल तर दोन्ही हुद्द्यांचा आकडा आधी शेजारी ठेवून बघा. फरक तुम्हाला वाटतो त्याहून बराच लहान निघू शकतो. याउलट आई ७८ वर्षांच्या आहेत. ८० पूर्ण होताच मूळ रकमेवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० व्या वर्षी १०० टक्के. ही वाढ कागदावरच्या जन्मतारखेवर मिळते. त्या काळच्या बऱ्याच बायकांची जन्मतारीख फौजेच्या कागदात नसतेच, किंवा लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये अंदाजे लिहिलेली असते आणि आधारवर दुसरीच असते. ‘स्पर्श’मध्ये आईचं नाव आणि जन्मतारीख काय आहे ते या आठवड्यात बघा. फरक असेल तर तो अर्ज हुद्द्याच्या अर्जाची वाट न पाहता वेगळा करा. एकाच अर्जात दोन दुरुस्त्या घातल्या की सोपीही अवघड दुरुस्तीसोबत अडकते.

इतर वाचकांची अडचण थोडी वेगळी असू शकते, त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगते.

रणगाडा दलाच्या कागदात ‘दफादार’ दिसला तर तो हवालदाराच्या बरोबरीचा आणि ‘लान्स दफादार’ हा नाईकाच्या. ‘लान्स’ शब्द बघून हुद्दा कमी लिहिला गेला असं समजू नका. १९६५ पूर्वीच्या कागदातला ‘जमादार’ म्हणजे आजचा नायब सुभेदार. गावात जमादार शब्दाला दुसरा अर्थ असल्यामुळे काही घरांनी तो कागद लपवून ठेवलेला असतो, तो बाहेर काढा. ‘कंपनी हवालदार मेजर’ ही नेमणूक आहे, हुद्दा हवालदारच. पीपीओवर मेजर हा शब्द नसणं बरोबर आहे. पलटणीनंतर वडील डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये गेले असतील तर ती दुसरी नोकरी. तिचं रेकॉर्ड ऑफिस कन्नूरला आहे, तिथे बहुतेक जण पुन्हा खालून सुरुवात करतात आणि दोन डिस्चार्ज बुकांवर दोन हुद्दे असतात.

अलीकडे निवृत्त झालेल्यांत ‘एमएसीपी’मुळे गोंधळ होतो. ८, १६ आणि २४ वर्षांना पगाराची पातळी वाढते, पण फीत वाढत नाही. हवालदाराच्या पातळीचा पगार घेणारा नाईक हा नाईकच असतो. मानद हुद्दाही वेगळा समजावा. निवृत्तीला मानद नायब सुभेदार झालेले हवालदार १ जानेवारी २००६ नंतरचे असतील तर त्यांना त्या हुद्द्याचं पेन्शन लागू होतं. त्याआधीच्यांनी सोल्जर बोर्डात आपली तारीख दाखवून न्यायालयीन निकालांचा लाभ मिळतो का हे विचारावं. मानद लेफ्टनंट आणि मानद कॅप्टन यांची नावं २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या निमित्तानं भारताच्या राजपत्रात येतात, त्यामुळे तिथे राजपत्राची प्रत हाच पुरावा. नौसैनिकांनी मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे जावं, वायुसैनिकांनी दिल्लीच्या सुब्रतो पार्कमधल्या रेकॉर्ड ऑफिसकडे. नौदलात पार्ट टू ऑर्डरऐवजी ‘जेनफॉर्म’ आणि वायुदलात ‘पीओआर’ मागावा.

राहिली शिळा. शिळेसाठी रेकॉर्ड ऑफिसची दुरुस्ती लागतच नाही. ग्रामपंचायतीला फक्त घरच्यांचं म्हणणं हवं असतं. म्हणूनच तिथे जास्त जपून वागायला हवं, कारण दगडावर दुरुस्ती-पीपीओ निघत नाही. पहिल्या महायुद्धानंतर आपल्याकडच्या कितीतरी गावांत ज्या शिळा बसल्या, त्यांवर या गावातून इतके लोक लढाईला गेले आणि इतके कामी आले एवढाच आकडा आहे. ना नाव, ना हुद्दा. तुमच्या वडिलांचं नाव कोरलं जाणार आहे, हीच त्या तुलनेत मोठी गोष्ट आहे. मुदत जवळ असेल तर सरपंचांना सांगून नाव, सेना क्रमांक, ‘मराठा लाइट इन्फंट्री’ आणि ‘१९६४–१९८१’ एवढं कोरून घ्या, आणि नावाआधी चार-पाच अक्षरांची जागा मोकळी सोडायला पाथरवटाला सांगा. शीट रोल आल्यावर शेवटचा हुद्दा हवालदार निघाला तर तो त्या जागेत बसेल. नाईक निघाला आणि १९७२ साली ते अ‍ॅक्टिंग हवालदार होते हे आदेशानं दिसलं, तर ‘नाईक’ कोरा आणि ते पत्र व फोटो एकत्र फ्रेम करून खाली तारीख लिहा. सरपंचांना जागा सोडायला सांगण्याआधी मात्र दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर घ्या. बेळगावच्या उत्तराला एक महिना तरी लागेलच.